कुलूप आणि हिशेब



या सदरातून आपण नेहमी बियाणे, खत, कीड आणि पाणी यांविषयी बोलतो. आज थोडे वेगळे बोलावयाचे आहे. विषय पैशाच्या आणि कागदपत्रांच्या राखणीचा आहे. पण तो शेतीबाहेरचा नाही, हे पुढील हकिकतीवरून आपल्या ध्यानी येईल.

मृग लागून गेला होता. सडक अर्जुनी तालुक्यातील एका गावी पऱ्ह्यांची पाहणी करून मी परतत होतो. वाटेत ओळखीचे एक भाऊ भेटले. चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "साहेब, बँकेतून आलो जी. रोवणीसाठी ठेवलेले पैसे खात्यात नाहीत."

मी त्यांचे पासबुक पाहिले. त्यांनी खरीपाचे शंभर कट्टे धान केंद्रावर घातले होते. चाळीस किलोचा कट्टा, म्हणजे चाळीस क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामात सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या हिशेबाने ९४,७६० रुपये चुकारा बरोबर जमा झाला होता. सोसायटीचे देणे आणि घरखर्च वजा जाता तीस हजार रुपये रोवणीसाठी राखले होते. पुढे जानेवारीतील एकाच तारखेला लागोपाठ तीन नोंदी होत्या, प्रत्येकी दहा हजारांच्या. तिन्ही अंगठ्यावर काढलेल्या.

"या दिवशी कुठे गेला होता?" मी विचारले.

भाऊंनी बराच वेळ आठवले. "दोन हजार काढाले एका मसीनवाल्याकडे गेलो होतो. त्यानं तीनदा अंगठा ठेवाले लावला. मसीन धरत नाही म्हणाला. मी रिकाम्या हातानं परत आलो जी."

खात्याला जोडलेला फोन नंबर मुलाचा होता. मुलगा कामासाठी बाहेर, आणि तो नंबर दोन वर्षांपासून बंद. त्यामुळे बँकेचा संदेश कोणाच्याच हाती पडला नाही. पासबुक डिसेंबरानंतर भरून घेतलेले नव्हते. चोरी पाच मिनिटांत झाली आणि कळली पाच महिन्यांनी.

मंडळी, त्या दिवशी मला माझीच चूक टोचली. धानाची नोंदणी कशी करावी, सातबारा आणि आधार कसे जोडावे, हे याच गावात सभा घेऊन मी समजावले होते. अंगठा कोठे लावावा हे सांगितले. अंगठा लावल्यावर काय तपासावे हे सांगितले नाही. त्या उणिवेची भरपाई म्हणून आजचा लेख.

बँका, सोसायट्या आणि सरकारी कचेऱ्या आता संगणकावर चालतात. तेथे दोन शास्त्रांचे शब्द सतत कानी पडतात. एक शास्त्र माहितीच्या सुरक्षेचे, त्याला आपण कुलूप म्हणू. दुसरे लेखापरीक्षणाचे, त्याला हिशेब म्हणू. शब्द जड वाटतात, पण त्यांमागचा विचार आपल्या बांधीत आणि कोठारात रोजचाच आहे. एकेक घेऊ.

तीन मूळ शब्द

माहिती सुरक्षित आहे असे केव्हा म्हणावे? तीन गोष्टी असतील तेव्हा.

पहिली गुप्तता. ज्याला पाहण्याचा हक्क आहे त्यालाच दिसावे. घरातील पेटीत किती पैसे आहेत हे घरच्यांना ठाऊक असते, बाजाराला नव्हे. खात्याचा पिन, फोनवर येणारा ओटीपी, हे या पेटीच्या किल्लीसारखे आहेत.

दुसरी शाबूतपणा. ठेवले तसेच राहावे, मध्ये कोणी अक्षर किंवा आकडा फिरवू नये. सातबाऱ्यावर तुमचे क्षेत्र ०.८० हेक्टर असेल आणि उद्या ते ०.०८ झाले, तर गुप्तता मोडली नाही, सातबारा जागेवरच आहे, पण शाबूतपणा गेला. हल्ली मिळणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा उपयोग येथेच होतो. त्या कागदातील एक आकडा जरी बदलला तरी सही जुळत नाही. त्यावरील पडताळणी क्रमांक टाकून कागद खरा की बनावट हे पाहता येते.

तिसरी उपलब्धता. गरजेच्या वेळी हाती मिळावे. कोठारात धान भरपूर आहे, पण किल्ली हरवली आणि घरात पाहुणे आले, तर त्या धानाचा काय उपयोग? केंद्रावर रांग लागली असताना संगणक बंद पडतो, तेव्हा हीच उपलब्धता बिघडलेली असते.

या तिघींचे एकमेकींशी थोडे भांडणही असते. आधारच्या बोटांच्या ठशांना कुलूप लावण्याची सोय आहे. ते लावले की कोणी तुमचा ठसा नकली करून पैसे काढू शकत नाही. पण कुलूप असेतो रेशन दुकानातही तुमचा अंगठा चालत नाही. म्हणून कुलूप लावणाऱ्याने ते उघडावे कसे हेही शिकून घ्यावे.

पाणी, बीळ आणि कोरडी बांधी

धोका, उणीव आणि जोखीम हे तीन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. ते निरनिराळे आहेत.

बांधीत पाणी उभे आहे. धुऱ्यात खेकड्याने बीळ केले आहे. पाण्याचा दाब हा धोका. तो नेहमी असणारच, तुम्ही तो बंद करू शकत नाही. बीळ ही उणीव. ती तुमच्या हातची आहे, चिखल घालून बुजवता येते. आणि ऐन पोटरीच्या वेळी बांधी कोरडी पडून पीक जाईल, ही जोखीम. बीळ किती मोठे आणि पीक कोणत्या अवस्थेत, यावरून जोखीम लहान की मोठी हे ठरते.

आता भाऊंची हकिकत याच मापाने मोजा. लबाड माणूस हा धोका. असे लोक कालही होते, उद्याही राहतील. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाचा पैसा खाण्याचे चाळीस प्रकार नोंदवून ठेवले आहेत, म्हणजे हा धंदा किती जुना आहे पाहा. बंद पडलेला फोन नंबर ही एक उणीव. न भरलेले पासबुक ही दुसरी. पावती न मागणे ही तिसरी. धोका भाऊंच्या हातचा नव्हता, पण ही तिन्ही बिळे बुजवता आली असती.

ओळख वेगळी, अधिकार वेगळा

सोसायटीच्या गोदामावर एक माणूस येतो. तो आपल्याच गावचा आहे, हे चौकीदार ओळखतो. याला म्हणतात ओळख पटवणे. पण ओळख पटली म्हणून त्याला खताची पोती उचलू देतील काय? त्यासाठी त्याच्या नावाची पावती हवी. याला म्हणतात अधिकार देणे.

अंगठ्याने तुमची ओळख पटते. पण यंत्रावर अंगठा ठेवताना तुम्ही अधिकारही देत असता, आणि तो किती रकमेचा हे पडद्यावर लिहिलेले असते. ते न वाचता अंगठा लावणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करणे. वाचता येत नसेल तर सोबत शाळेत जाणारे पोर न्यावे.

अंगठ्याची आणखी एक अडचण आहे. पिन चोरीस गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. आणि आपण त्याचे ठसे जागोजागी कागदांवर सोडलेले असतात. २०१८ साली तेलंगणात सिमकार्ड विकणाऱ्या एकाने जमिनीच्या नोंदणी दस्तांवरील ठशांवरून नकली बोटे तयार केल्याचे पोलिसांना आढळले. म्हणून अंगठा ही ओळख मानावी, गुपित मानू नये.

बीजप्रक्रिया, सापळा आणि फवारणी

नुकसान टाळण्यासाठी जी व्यवस्था करतात तिला नियंत्रण म्हणतात. लेखापरीक्षक त्याचे तीन प्रकार करतात. धानकऱ्याला ते पाठच आहेत.

पेरणीपूर्वी आपण बियाणे मिठाच्या तीन टक्के द्रावणात टाकतो. पोचट आणि रोगट बी वर तरंगते, ते काढून टाकतो. हे प्रतिबंधक नियंत्रण. कुलूप, पिन, अधिकारपत्र हे या प्रकारात येते.

खोडकिड्यासाठी आपण कामगंध सापळे लावतो. सापळ्याने सारी कीड मरत नाही, पण कीड आली हे कळते. हे शोधक नियंत्रण. बँकेचा संदेश, भरलेले पासबुक, महिन्याची मोजदाद, हे सारे सापळे आहेत.

कीड नुकसानीच्या पातळीवर गेली की फवारणी करतो. हे सुधारक नियंत्रण. खाते गोठवणे, तक्रार करणे, चुकलेली नोंद दुरुस्त करणे या फवारण्या.

आता गमत अशी की, बहुतेक घरांत पहिल्याच प्रकारावर भर असतो. पेटीला दोन-दोन कुलपे, पण पासबुक सहा महिने उघडायचे नाही. सापळा न लावता फवारणी कधी करावी हे कसे कळणार? तुडतुडे दिसू लागेतो थांबलो तर धान करपलेले असते.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण घ्या. बँक १९०६ सालची, नावाजलेली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, चोरांनी तिच्या एटीएम व्यवस्थेत शिरकाव केला. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेला विचारते, याच्या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? चोरांनी मध्येच एक खोटा चौकीदार बसवला. तो खऱ्या बँकेला न विचारता प्रत्येकाला "द्या" म्हणत होता. नकली कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी सुमारे चौदा कोटी हाँगकाँगकडे पाठवले गेले. एकूण चोरी सुमारे ९४ कोटींची. चोरांनी सुट्टीचे दिवस का निवडले? कारण त्या दिवशी सापळे पाहणारे डोळे कमी असतात. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले.

फेरफाराची वही

लेखापरीक्षणातील दोन मोठे शब्द आहेत, कामाची विभागणी आणि नोंदींचा माग. हे दोन्ही समजावयास शहरात जाण्याचे कारण नाही. आपल्या चावडीवरील फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, पाहा.

तुम्ही एक एकर विकत घेतले. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफाराला नोंद लिहितात. पण त्यांच्या एकट्याच्या लेखणीने ती पक्की होत नाही. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, आणि मंडळ अधिकारी कागद पाहून नोंद प्रमाणित करतात. लिहिणारा एक, तपासून मंजूर करणारा दुसरा. ही कामाची विभागणी. ज्या संस्थेत मोजणारा, लिहिणारा, किल्ली बाळगणारा आणि पैसे देणारा एकच माणूस असतो, तेथे तो देवमाणूस असला तरी व्यवस्था वाईटच समजावी. उद्या त्याच्या जागी दुसरा येणार आहे.

दुसरे असे की फेरफारात जुने नाव खोडून, घासून टाकत नाहीत. नवी नोंद नव्या क्रमांकाने होते आणि जुनी शाबूत राहते. पन्नास वर्षांपूर्वी ही जमीन कोणाकडून कोणाकडे आली, हे क्रमांक धरून मागे मागे जात वाचता येते. हा नोंदींचा माग. संगणकातही तो असतो. कोणी, कोणत्या वेळी, कोणती नोंद केली याची वही यंत्र आपोआप लिहिते. तिच्यात फेरबदल करण्याची मुभा ती नोंद करणाऱ्याला नसावी, हा त्यातील मुख्य नियम.

म्हणूनच एखाद्या कारकुनाने आपला पासवर्ड मित्राला सांगणे ही साधी भीड नव्हे. उद्या घोटाळा झाला तर माग त्या कारकुनाच्याच दाराशी येऊन थांबतो.

कागद आणि कोठार

लेखापरीक्षक आला की आपल्या सोसायटीत चहा होतो, वह्या काढल्या जातात, आणि दोन दिवसांनी तो जातो. तो करतो तरी काय? मुख्यतः तीन कामे.

पहिले ताळमेळ. दोन स्वतंत्र ठिकाणचे आकडे एकमेकांशी लावून पाहणे. केंद्रावर घेतलेले धान भरडाईसाठी गिरणीला जाते. शासनाच्या ठरावाप्रमाणे शंभर किलो कच्च्या धानामागे ६७ किलो तांदूळ परत यावयास हवा. म्हणजे धानाचा आकडा, गाड्यांच्या वजनपावत्या आणि तांदळाचा आकडा ही तीन माणसे एकच साक्ष देतात की नाही हे पाहायचे. घरी हेच काम पासबुक आणि तुमच्याजवळील पावत्या यांचे करायचे.

दुसरे प्रत्यक्ष पडताळणी. वहीत पाचशे पोती युरिया आहे म्हणून तो गोदामात आहे असे नव्हे. आत जाऊन थप्पी मोजावी लागते. हे न केल्याने काय होते ते आपल्या विदर्भाने पाहिले आहे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी खाजगी दलाल कंपन्यांना सुमारे दीडशे कोटी रुपये दिले. कागदावर खरेदी झाली होती. रोखे मात्र बँकेच्या हाती आलेच नाहीत. २००२ साली हे उघडकीस आले. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध अपिले झाली, तो न्यायालयाचा विषय. आपण घ्यायचा धडा असा की पैसे गेल्याचा कागद आणि माल आल्याची खूण या दोन गोष्टी आहेत. पैसा शेतकऱ्यांच्या बँकेचा होता, आणि निकाल लागायला एकवीस वर्षे गेली.

तिसरे नमुना तपासणी. सर्व नोंदी तपासणे शक्य नसते, म्हणून काही उचलून पाहतात. पीक कापणी प्रयोगात आपण तसेच करतो. तेथे कापणीचा तुकडा कोणी बोटाने दाखवून ठरवत नाही. चिठ्ठी काढावी तशा, आधी ठरलेल्या आकड्यांनी तो निघतो. कारण मालकाने दाखवलेला तुकडा नेहमी उत्तमच असणार. हिशेबातही तपासायच्या नोंदी तपासनिसाने स्वतः निवडाव्यात.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत नेमके याच्या उलट घडले. एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखात्यांची यादी तयार केली गेली. ती खाती बँकेच्या मूळ संगणकात नव्हतीच, केवळ तपासनिसांपुढे ठेवायच्या यादीत होती, असे तपासात पुढे आले. यादी आणि संगणक यांचा ताळमेळ वेळीच कोणी घातला असता तर? २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले, आणि आरंभी खातेदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. पुढे मुदत आणि रक्कम वाढत गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. तोवर ठेवीदारांनी दवाखान्याचे पैसे कोठून आणले असतील, याचा विचार करावा.

कॉसमॉसमध्ये बाहेरच्या चोराने कुलूप फोडले. येथे किल्ली ज्यांच्या हाती होती तेच गुंतले होते. अशा वेळी कुलूप कितीही भक्कम असून चालत नाही. कामाला येतो तो हिशेबच.

शेरा आणि पूर्तता

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ प्रमाणे सोसायटीचे लेखापरीक्षण दर आर्थिक वर्षी व्हायला हवे. लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेतील असतो आणि त्याला सभासदांची सर्वसाधारण सभा नेमते. तो संस्थेचा नोकर किंवा सोयरा नसावा. याला स्वतंत्रता म्हणतात. स्वतःच्या पोराचा पेपर स्वतः तपासला तर गुण कसे पडतील?

तो आपल्या अहवालात शेरे लिहितो. अमुक पावती नाही, तमुक साठा कमी. शेरा लिहिला म्हणजे काम संपले असे नाही. कलम ८२ प्रमाणे संस्थेने दोष दुरुस्त करून तसा अहवाल द्यायचा असतो. यालाच पूर्तता म्हणतात. वर्षानुवर्षे तोच शेरा उतरवला जात असेल, तर समजावे की डॉक्टर रोग लिहून देतो आहे आणि औषध कोणीच आणत नाही.

आणि हे पाहण्याचा अधिकार तुमचा आहे. वार्षिक सभेपुढे लेखापरीक्षण अहवाल ठेवावा लागतो. कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेचे ठराविक कागद आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. पण आपण सभेला जातो, सही करतो, नाश्ता घेतो आणि "मंजूर, मंजूर" म्हणून उठतो. या वर्षी एकच प्रश्न विचारावा: "मागील शेऱ्यांपैकी किती पूर्ण झाले?" प्रश्न सभ्यपणे विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. माझा अनुभव असा की प्रामाणिक सचिवाला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट त्याला बळ मिळते.

घरचे लेखापरीक्षण

आता घरी करावयाचे काम. त्याला पदवी लागत नाही, महिन्यातून एक संध्याकाळ लागते.

१. खात्याला जोडलेला फोन नंबर चालू आहे आणि तो घरातीलच कोणाकडे आहे, याची बँकेत जाऊन खात्री करावी.

२. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, पासबुक भरून घ्यावे. घरी येऊन प्रत्येक नोंदीपुढे टिंब करावे. जी नोंद कोणालाच आठवत नाही तिच्याभोवती गोल करावा.

३. यंत्रावर अंगठा लावण्यापूर्वी रक्कम वाचावी, लावल्यावर पावती मागावी. "लागला नाही" असे सांगितले तर तसे दाखवणारी पावतीही मागावी, आणि त्याच दिवशी शिल्लक तपासावी.

४. योजनेच्या, अनुदानाच्या किंवा कर्जमाफीच्या नावाने फोनवर आलेली फाईल उघडू नये. तिच्यात बहुधा तुमच्या फोनची किल्ली चोरणारा कार्यक्रम असतो. ओटीपी कोणालाही सांगू नये. कृषी खात्याचा माणूस म्हणून कोणी मागितला तरी नाही. मी मागितला तरी नाही.

५. आधारची आणि सातबाऱ्याची प्रत कोणाला दिली, कशासाठी दिली, हे वहीत लिहावे. प्रतीवर कारण आणि तारीख लिहून सही करावी.

६. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर त्याच घडीला फोन करावा, आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. पैसा चोराच्या खात्यातून पुढे जाण्यापूर्वी अडवता आला तर परत मिळण्याचा संभव असतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली असे ठरवून दिले की, दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही अशा फसवणुकीत, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत जो कळवील त्याच्यावर तोशीस पडू नये. उशीर होईल तसा खातेदाराचा भार वाढतो. आज लागू असलेला नियम आपल्या शाखेत विचारून घ्यावा, पण घाई करावी हे कोणत्याही नियमात खरेच आहे.

शेवटी त्या भाऊंचे सांगतो. आम्ही दोघे बँकेत गेलो, लेखी अर्ज दिला, पोलिसात तक्रार दिली. तिन्ही नोंदींचा माग यंत्रात होता. कोणत्या ठिकाणच्या यंत्रावर, किती वाजता, हे सारे निघाले. चौकशी चालू आहे. पण पाच महिन्यांत पैसा कोठल्या कोठे गेला, त्याला आता काय करणार? रोवणीसाठी त्यांनी उसने काढले.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो, तेव्हा दहावीतली मुलगी ओसरीवर पासबुक घेऊन बसली होती. एकेक नोंद मोठ्याने वाचत होती, आणि आई प्रत्येक नोंदीला "हो, ते युरियाचे," "हो, ते गटाचे," असे सांगत होती. एका सतरा रुपयांच्या नोंदीपाशी दोघी अडल्या. मुलीने तिच्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाली, "साहेब, हे उद्या बँकेत विचारते जी."

ते सतरा रुपये बहुधा बँकेचे शुल्क असेल. पण त्या घरात आता सापळा लागला आहे, याचे मला समाधान वाटले. आपल्याही घरी येत्या बाजाराच्या दिवशी पासबुक बाहेर काढावे, ही विनंती.

पुढील अंकी धुऱ्यावरील तुरीविषयी बोलू.